उत्तर आलं नाही, तर काय समजायचं?

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स हा विषय अभ्यासाला आला की पहिलं प्रकरण बहुधा व्याख्यांचं असतं. अनेक यंत्रांवर चालणारी, पण वापरणाऱ्याला एकच वाटणारी प्रणाली; मग पारदर्शकतेचे प्रकार, मग मिडलवेअर, मग आर्किटेक्चरच्या आकृत्या. पेपरात हे लिहिलं की गुण मिळतात. पण पुढे कामावर दोन सर्व्हर एकमेकांशी बोलेनासे झाले, की यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही. म्हणून पदवीच्या विद्यार्थ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की या विषयात शिरताना एकच प्रश्न हातात धरा: मी दुसऱ्या यंत्राला काम सांगितलं आणि उत्तर आलं नाही, तर मला नेमकं काय कळलं? पुस्तकातली बरीचशी प्रकरणं याच प्रश्नातून निघालेली आहेत, आणि तो धरून वाचलं तर ती पाठ करावी लागत नाहीत.

एकाच कॉम्प्युटरवर एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारली तर ते उत्तर देतं, एरर देतं, नाहीतर सगळा प्रोग्रॅमच कोसळतो. नेटवर्क मध्ये आलं की आणखी एक शक्यता येते. काहीच येत नाही. तुमची विनंती वाटेतच हरवली असेल. ती पोचली, पण काम करण्याआधी सर्व्हर बंद पडला असेल. काम पूर्ण झालं, पण उत्तर परत येताना हरवलं असेल. किंवा सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त कामाच्या रेट्यात आहे आणि उत्तर पुढच्याच सेकंदाला येणार आहे. या चारही गोष्टी तुमच्या बाजूने अगदी सारख्या दिसतात. नेटवर्क महागातलं घेतलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. संदेश हरवू शकतो एवढं एकदा मान्य केलं, की कितीही पोचपावत्यांची देवाणघेवाण केली तरी शेवटचा संदेश पाठवणाऱ्याला तो पोचला की नाही हे कधीच कळत नाही. पाठ्यपुस्तकात हाच मुद्दा 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणून येतो. त्याची सिद्धता छोटी आहे. ती एकदा स्वतः लिहून काढा.

याचं उदाहरण तुमच्या खिशातच आहे. यूपीआयने पैसे पाठवता तेव्हा विनंती ॲपकडून एनपीसीआयच्या मधल्या यंत्रणेकडे जाते. ती तुमच्या बँकेला पैसे वजा करायला सांगते, मग समोरच्याच्या बँकेला जमा करायला सांगते. समजा पैसे वजा झाले आणि जमा करण्याच्या संदेशाचं उत्तर वेळेत आलं नाही. आता 'यशस्वी' म्हणावं तर समोरच्याला कदाचित काहीच मिळालेलं नाही, आणि 'अयशस्वी' म्हणून पैसे परत करावेत तर ते कदाचित त्याच्या खात्यात पडलेले आहेत. अशा वेळी पडद्यावर 'पेंडिंग' दिसतं. लोक त्यावर चिडतात, पण त्या क्षणी यंत्रणेला देता येण्यासारखं तेच एक खरं उत्तर असतं. रिझर्व्ह बँकेनेही ही स्थिती गृहीत धरून नियम केला आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून पैसे गेले पण समोरच्या व्यक्तीला मिळाले नाहीत, तर ते जास्तीत जास्त पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची.

यातून तुमच्या प्रोजेक्टसाठी पहिला धडा घ्या. विद्यार्थ्यांच्या डेटाबेसमध्ये पेमेंट झालं की नाही यासाठी बहुतेक वेळा हो-नाहीचा एकच रकाना असतो. 'अजून माहीत नाही' ही तिसरी स्थिती त्यात पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि त्या स्थितीत अडकलेल्या नोंदी ठरावीक वेळाने उचलून समोरच्या सर्व्हरला 'या व्यवहाराचं काय झालं?' असं विचारणारं एक छोटं काम मागे चालू ठेवा.

आता पुढचं. उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही पुन्हा विनंती पाठवता. पहिली विनंती प्रत्यक्षात पूर्ण झालेली असेल, तर काम दोनदा होईल. वाचण्याच्या विनंतीला याचं काही नाही. 'शिल्लक ५०० कर' हेही दोनदा केलं तरी निकाल तोच. 'शिल्लकेतून १०० वजा कर' मात्र दोनदा चाललं तर २०० गेले. ज्या कामाचा परिणाम एकदा आणि अनेकदा केल्याने सारखाच राहतो त्याला आयडेम्पोटंट म्हणतात, आणि न बसणारं काम या साच्यात बसवण्याची रीत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात असायला हवी. विनंतीला एक क्रमांक द्यायचा आणि सर्व्हरने झालेल्या क्रमांकांची नोंद ठेवायची, एवढीच ती रीत. पण ती तीन ठिकाणी चुकते, म्हणून जरा बारकाईने पाहू.

क्रमांक विनंती पाठवणाऱ्याने तयार करायचा, आणि तोही पहिल्या प्रयत्नाच्या आधी. प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक दिला तर सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी कामं ठरतात, आणि ही चूक कोड वाचताना पटकन नजरेत भरत नाही, कारण क्रमांक बनवणारी ओळ बऱ्याचदा पुन्हा प्रयत्न करणाऱ्या लूपच्या आतच लिहिलेली असते. दुसरी जागा सर्व्हरवरची. पैसे वजा करणं आणि क्रमांकाची नोंद करणं एकाच डेटाबेस ट्रँझॅक्शनमध्ये हवं. आधी वजा, मग नोंद असं सुटं सुटं केलं आणि मधल्या क्षणी वीज गेली, तर आपण जिथे होतो तिथेच परत आलो. तिसरी जागा सर्वांत फसवी. 'हा क्रमांक आधी आहे का पाहा, नसेल तर घाल' असं लिहिलं की एकाच क्रमांकाच्या दोन विनंत्या एका वेळी आल्यावर दोघींनाही 'नाही' असं उत्तर मिळतं आणि दोघी पुढे जातात. त्यामुळे तपासण्यावर विसंबू नका. त्या रकान्यावर युनिक कन्स्ट्रेंट लावा आणि दुसरीला डेटाबेसकडूनच अडवून घ्या. अडवलेल्या विनंतीला एररऐवजी पहिल्या वेळचंच उत्तर परत द्या, म्हणून नोंदीत क्रमांकासोबत निकालही साठवा.

किती वेळ वाट पाहायची, हा यातलाच पोटप्रश्न. पायथॉनची रिक्वेस्ट्स ही लायब्ररी बहुतेकांनी वापरलेली असते. तिच्यात तुम्ही टाइमआउट दिला नाही तर ती आपणहून कुठलीच मर्यादा घालत नाही, आणि समोरचा सर्व्हर अडकला की तुमचा प्रोग्रॅमही त्याच्यासोबत अडकून राहतो. तेव्हा आकडा प्रत्येक ठिकाणी द्या. तो मनाने ठरवू नका; शंभरातल्या नव्याण्णव विनंत्या किती वेळात पूर्ण होतात ते मोजा आणि त्याच्या थोडा वर ठेवा. पुन्हा प्रयत्न करतानाही हिशोब ठेवा. एकाखाली एक अशा तीन थरांनी प्रत्येकी तीन वेळा प्रयत्न केले, तर सर्वांत खालच्या, आधीच दमलेल्या सर्व्हरवर एका विनंतीच्या २७ विनंत्या आदळतात. म्हणून पुन्हा प्रयत्न एकाच थरात करा, दर वेळी मधला वेळ दुप्पट करा, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, म्हणजे हजार क्लायंट एकाच क्षणी परत येणार नाहीत.

हे सगळं वाचून पटतं, पण डोळ्यांनी दिसल्याशिवाय अंगात मुरत नाही, आणि ते दाखवायला क्लाउडचं खातं लागत नाही. एक साधा सर्व्हर आणि एक क्लायंट लिहा. दोन्ही आपल्याच लॅपटॉपवर चालवा. मग लिनक्सवर किल ही आज्ञा स्टॉप सिग्नलसह देऊन सर्व्हरचा प्रोसेस गोठवा. तो मेलेला नाही, नुसता थांबलेला आहे. आता क्लायंटकडून नवी विनंती पाठवा. कनेक्शन होतं! डेटा पाठवलाही जातो, टीसीपीची पोचही येते, कारण ते सगळं ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल सांभाळतं. तुमच्या सर्व्हरच्या कोडने मात्र त्यातलं एक अक्षरही वाचलेलं नसतं. 'टीसीपी भरवशाचं आहे, मग संदेश पोचलाच की' या समजाला इथे धक्का बसतो, आणि तो विद्यार्थिदशेत बसलेला बरा. नंतर कंटिन्यू सिग्नल देऊन सर्व्हर जागा करा. क्लायंट कधीच कंटाळून निघून गेला असला तरी सर्व्हर ती जुनी विनंती इमानेइतबारे पूर्ण करतो. प्रत्यक्षातही असंच होतं. गार्बेज कलेक्शनमुळे किंवा व्हर्च्युअल मशिन हलवल्यामुळे एखादा प्रोसेस काही सेकंद गोठतो, आणि जागा झाल्यावर मध्ये वेळ गेल्याचं त्याला ठाऊकच नसतं.

दुसरा प्रयोग अंतराचा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू यॉर्क हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे अगदी सरळ केबल टाकली असती तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागणारच. कुठलाही प्रोसेसर हा आकडा कमी करू शकत नाही. तुमच्या कोडमध्ये एका लूपमध्ये एकामागून एक २० कॉल असतील, तर अडीच सेकंद नुसत्या प्रवासात गेले. लोकलहोस्टवर हे कधीच जाणवत नाही. लिनक्सच्या टीसी आज्ञेत नेटएम नावाची सोय आहे. तिने कृत्रिम विलंब आणि संदेशांची गळती लावता येते. लोकलहोस्टवर ती जाताना आणि येताना दोन्ही वेळा लागू होते, त्यामुळे ६० मिलिसेकंद दिले की फेरी १२० ची होते. आपला प्रोजेक्ट या हवामानात अर्धा तास चालवून पाहा. नेटवर्क भरवशाचं आहे, विलंब शून्य आहे, बँडविड्थ अमर्याद आहे असे जे भ्रम सन मायक्रोसिस्टिम्समधल्या पीटर डॉइच यांनी १९९० च्या दशकात मांडले, ते आजही परीक्षेत यादी म्हणून विचारले जातात. या अर्ध्या तासात त्यातले निदान तीन तरी स्वतः दिसतील.

वेळेबद्दलही असाच एक भाबडा विश्वास असतो. दोन सर्व्हरवर दोन नोंदी झाल्या, तर जिचा टाइमस्टँप मोठा ती नंतरची, असं आपण सहज धरतो. कॉम्प्युटरमधलं क्वार्ट्झचं घड्याळ दहा लाखांत वीस भाग जरी चुकलं तरी दिवसाला पावणेदोन सेकंद इकडेतिकडे होतं. एनटीपीने ते पुन्हा जुळवता येतं, पण जुळवताना घड्याळ मागेही जाऊ शकतं. 'शेवटची नोंद टिकेल' या नियमावर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये यामुळे खरोखर नंतरची नोंद गुपचूप पुसली जाते. एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही.

लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ मध्ये यावर एक निबंध लिहिला. मूळ निबंध पदवीच्या विद्यार्थ्याला झेपण्याजोगा आहे, आणि तो वाचावाच असं मला मनापासून वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याला बहुतेक वेळा घड्याळातली वेळ नको असते. कोणती घटना कोणत्या घटनेवर प्रभाव टाकू शकली असती एवढंच हवं असतं. मग प्रत्येक नोडने एक साधा मोजक ठेवायचा. काही घडलं की तो एकने वाढवायचा, संदेशासोबत पाठवायचा, आणि संदेश आला की आपला व आलेला यातला मोठा घेऊन त्यात एक मिळवायचा. 'अ' चा मोजक ५ असताना त्याने संदेश पाठवला आणि 'ब' चा मोजक २ होता, तर संदेश मिळताक्षणी 'ब' चा मोजक ६ होतो. त्यामुळे कारणाचा आकडा परिणामाच्या आकड्यापेक्षा नेहमी लहान राहतो. उलट मात्र खरं नाही. आकडा लहान आहे म्हणून ती घटना कारण ठरत नाही. दोन्ही एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असू शकतात. तोंडी परीक्षेत इथेच गाडी अडते, तेव्हा तीन नोड्सची आकृती काढून असं एक उदाहरण तयार ठेवा. गूगलने २०१२ मध्ये मांडलेल्या स्पॅनर या डेटाबेसने वेगळी वाट धरली. जीपीएस आणि अणुघड्याळं वापरून वेळ एका आकड्याऐवजी 'या क्षणापासून त्या क्षणापर्यंत कुठेतरी' अशी द्यायची, आणि ती अनिश्चितता सरेपर्यंत थांबून मगच ट्रँझॅक्शन पूर्ण झालं असं जाहीर करायचं.

आता या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग: अनेक नोड्सनी एका गोष्टीवर एकमत करणं. तो समजायला एक खरी घटना तपशिलात पाहण्यासारखी आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावर बिघडत चाललेलं नेटवर्क उपकरण बदलताना मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. त्रेचाळीसच सेकंद. पण त्यानंतर गिटहबची सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. झालं असं, की डेटाबेसचा प्रमुख कोण हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि क्लाउडमधल्या नोड्सनी मिळून बहुमत जमवलं आणि प्रमुखपद पश्चिमेकडे नेलं. नियमाप्रमाणे हे बरोबरच होतं. मात्र पूर्वेकडे त्या वेळात झालेल्या काही नोंदी पश्चिमेकडे पोचलेल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेने तोवर नव्या नोंदी घ्यायला सुरुवात केली होती. संपर्क परत आला तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर दुसऱ्याकडे नसलेला डेटा होता. सर्वांत व्यग्र क्लस्टरपैकी एकावर अशा ९५४ नोंदी होत्या. गिटहबने सेवा लवकर सुरळीत करण्यापेक्षा डेटा शाबूत ठेवण्याला प्राधान्य दिलं, बॅकअपमधून कित्येक टेराबाइट पुन्हा भरले, आणि नंतर घटनेचा सविस्तर अहवाल जाहीरपणे मांडला.

प्रमुख बहुमताने निवडला गेला, पण 'नोंद झाली' हे मात्र बहुमताकडे ती पोचण्याआधीच सांगितलं जात होतं. या दोन गोष्टींची सांगड घालणं हेच पॅक्सॉस आणि राफ्ट या अल्गोरिदम्सचं काम. पाच नोड्स असतील तर तिघांकडे नोंद पोचल्याशिवाय ती झाली असं म्हणायचं नाही, आणि तिघांच्या मताशिवाय प्रमुख व्हायचं नाही. पाचांतले कुठलेही तीन आणि कुठलेही तीन घेतले, तर निदान एक नोड दोन्हींत येतोच, आणि त्याच्यामुळे जुनी नोंद नव्या प्रमुखाकडून सुटत नाही. (यावरून चार नोड्स ठेवून फायदा का नाही तेही करून पाहा. चारांचं बहुमतही तीनच, म्हणजे तीन नोड्सइतकाच एक बिघाड सोसता येतो.) सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कोरम भरला नाही की अर्ध्या तासाने तहकूब सभा कोरमशिवाय चालवता येते; इथे ती सवलत अजिबात नाही. बहुमत नसेल तर अल्पमतातल्या नोड्सनी हात बांधून थांबायचं, ग्राहक कितीही ताटकळत असले तरी.

कॅप प्रमेयाकडे जायची वाट हीच. एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये ते अटकळ म्हणून मांडलं, आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं. 'सुसंगतता, उपलब्धता आणि नेटवर्क तुटलं तरी चालत राहणं या तिन्हींपैकी कोणतेही दोन निवडा' असं ते शिकवलं जातं, त्याने घोटाळा होतो. नेटवर्क तुटणं ही तुमच्या निवडीची गोष्ट नाही, ते तुटणारच. तुटल्यावर चुकीचं किंवा जुनं उत्तर देण्याची जोखीम घ्यायची, की उत्तर द्यायला नकार द्यायचा, एवढीच निवड उरते. तीही संपूर्ण प्रणालीसाठी एकदाच करायची नसते. दुकानाच्या ॲपमध्ये वस्तूचा फोटो जुना दिसला तर चालेल, खात्यातली शिल्लक चालणार नाही.

राफ्ट वाचताना गोठवलेल्या प्रोसेसचा प्रयोग आठवा. प्रमुख नोड गोठला. बाकीच्यांना त्याचा आवाज येईना. मूळ निबंधात त्यांची वाट पाहण्याची मुदत १५० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान यादृच्छिक ठेवली आहे, म्हणजे सगळे एकदम निवडणुकीला उभे राहत नाहीत. नवा प्रमुख निवडला गेला आणि कार्यकाळाचा क्रमांक एकने वाढला. आता जुना प्रमुख जागा होतो, आपणच प्रमुख आहोत या समजुतीत. त्याने नोंद करायला पाठवली तर इतर नोड्स जुना क्रमांक पाहून ती नाकारतात आणि तो पायउतार होतो. पण त्याआधी कोणी त्याच्याकडे नुसतं वाचायला आलं तर? तो आपल्याकडचा जुना डेटा बिनदिक्कत देऊन मोकळा होईल. म्हणून वाचण्याआधीही प्रमुखाने बहुमताकडून आपण अजून प्रमुख आहोत ना, याची खात्री करून घ्यावी लागते. स्वतःचा राफ्ट लिहिताना हे बऱ्याचदा सुटतं.

फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा १९८५ चा निकाल या टप्प्यावर वाचा, आधी नको. संदेशाला किती वेळ लागेल याची काहीच मर्यादा नसेल आणि एक जरी नोड बंद पडू शकत असेल, तर यादृच्छिकतेचा आधार न घेणारा (डिटरमिनिस्टिक) कोणताही अल्गोरिदम एकमत होईलच अशी हमी देऊ शकत नाही, असं तो सांगतो. राफ्ट ही हमी देतही नाही. त्याची हमी अशी, की चुकीचा निर्णय कधीही होणार नाही. निर्णय कधी होईल ते मात्र नेटवर्क बऱ्यापैकी वागण्यावर अवलंबून राहतं.

पुस्तकांचं म्हणाल, तर टॅनेनबाउम आणि व्हॅन स्टीन यांचं 'डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स' लेखकांनी स्वतः मोफत उपलब्ध करून दिलं आहे. ते संदर्भासाठी ठेवा. सलग वाचायला मार्टिन क्लेपमन यांचं २०१७ चं 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स' घ्या, त्यातही रेप्लिकेशन आणि वितरित प्रणालींच्या अडचणींवरची प्रकरणं आधी. पॅक्सॉसच्या आधी राफ्टचा २०१४ चा निबंध वाचा. डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहाउट यांनी तो समजायला सोपा असावा हे उद्दिष्ट ठेवूनच लिहिला आहे. एमआयटीचा ६.५८४०, म्हणजे पूर्वीचा ६.८२४, हा अभ्यासक्रम व्याख्यानांसह खुला आहे आणि त्यातले प्रयोग गो भाषेत करायचे असतात. सोडवलेली उत्तरं सार्वजनिक ठेवू नयेत अशी त्यांची विनंती आहे, ती पाळा.

त्या प्रयोगांत राफ्टची चाचणी पहिल्यांदा पास झाली की हात थांबवू नका. गोचा रेस डिटेक्टर चालू ठेवून ती लूपमध्ये रात्रभर, काहीशे वेळा चालवा. सकाळी दोन-चार वेळा नापास झालेली दिसेल. प्रत्येक लॉग ओळीत नोडचा क्रमांक, कार्यकाळ आणि घटना एवढं असू द्या. नापास झालेल्या एका फेरीचा लॉग घ्या, मोठ्या कागदावर प्रत्येक नोडसाठी एक उभी रेघ मारा, संदेश तिरक्या बाणांनी दाखवा. एकाच जागेवरच्या नोंदीबद्दल दोन नोड्स वेगळं काही सांगतात ती पहिली ओळ शोधा, आणि तिथून बाणांच्या उलट दिशेने मागे जा.